कापसाचे बोळे

९ जानेवारी २००६, सोमवार

हंसा मॅडमनी आज फोनवर बजावलं, "पंढरीनाथ, प्रयोगवहीत फक्त आकडे लिहा. रडगाणं नको." म्हणून रडगाण्यासाठी ही वेगळी वही. मॅडम माझ्या गाइड, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी सत्तेचाळीस. या वयात लोक मुलांच्या पीएचडीचं बघतात, मी माझ्याच पीएचडीचं बघतोय.

नोंदणीची मुदत तिसऱ्यांदा वाढवून मिळाली आहे, तीस एप्रिलपर्यंत. चौथ्यांदा मिळणार नाही, हे विद्यापीठातल्या बाईंनी पत्र हातात देतानाच सांगून टाकलं. बाकीचा प्रबंध लिहून तयार आहे. घोडं अडलंय चौथ्या प्रकरणापाशी. त्यात एकच प्रयोग लागोपाठ तीनदा सारखा यायला हवा. नाही आला तर आठ वर्षं पाण्यात.

प्रयोग असा. डुकराच्या घशात एक जंतू सापडतो, यर्सिनिया. माणसाच्या पोटात गेला तर ताप, जुलाब आणि अशी कळ की अपेंडिक्स समजून पोट उघडायची वेळ येते. प्लेगच्या जंतूचा हा धाकटा चुलतभाऊ. याची खोड अशी, की शरीराइतक्या उबेत, म्हणजे सदतीस अंशांवर, आसपास कॅल्शियम नसेल तर हा एकदोनदा दुभंगतो आणि वाढायचा थांबतो. नवा डीएनए करणंही बंद. सगळी ताकद हत्यारं घडवण्यात. कॅल्शियम मिळालं की निमूट संसाराला लागतो. मला बघायचंय की आधी काय थांबतं, वाढ की डीएनए. आमच्या इथल्या उत्तन गावच्या डुकरांतल्या जंतूंमध्ये हे मी तरी कुठे वाचलेलं नाही.

आज झकास जमलं. कॅल्शियम घातलेल्या नळ्या संध्याकाळपर्यंत गढूळ, न घातलेल्या नितळ. पहिला झाला. सोमवार असल्यामुळे तंबाखू नव्हती, त्यामुळे डोकं मात्र दिवसभर ठणकत होतं. आईला शेवटच्या आजारात शब्द दिलाय, सोमवारी शिवणार नाही म्हणून. सोळा वर्षं पाळतोय.

१२ जानेवारी, गुरुवार

सगळ्या नळ्या गढूळ. कॅल्शियमवाल्याही आणि बिनकॅल्शियमवाल्याही. जंतूंना कोणी सांगितलंच नाही बहुतेक, की तुम्ही थांबायचं आहे म्हणून.

आज दत्ताराम रजेवर होता. दत्ताराम भोईर आमच्या कॉलेजचा लॅब अटेंडंट, बावीस वर्षं इथेच. काचसामान धुणं, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन भरणं, भरलेल्या नळ्या वाफेवर निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह लावणं, सगळं त्याच्याकडे. एक काम मात्र मी त्याच्यावर सोपवत नाही, ते म्हणजे नळ्यांच्या तोंडाला लावायचे कापसाचे बोळे. बोळा घट्ट हवा आणि हवाही जायला हवी. माझ्या सरांनी मला सहा महिने नुसते बोळेच वळायला लावले होते. आजकालच्या पोरांना सांगितलं तर हसतात.

सकाळी मागच्या गॅलरीत स्टुलावर बसायचं, मांडीवर कापूस घ्यायचा, एक चिमूट मळून दाढेत धरायची आणि चाळीस बोळे वळायचे. दिवसातली तेवढीच काय ती शांतता. मुलांना मी सांगतो, लॅबमध्ये तोंडाजवळ काही न्यायचं नाही. गॅलरी लॅबमध्ये मोडत नाही, असं मी धरून चालतो.

२३ जानेवारी, सोमवार

आला. पण गुरुवारचा मध्ये कडमडल्यामुळे मोजणी परत एकपासून. मॅडम म्हणतात लागोपाठ म्हणजे लागोपाठ.

२५ जानेवारी, बुधवार

आजही आला! लागोपाठ दोन. परवा तिसरा जमला की सुटलो. संध्याकाळी बायकोसाठी केबिन रोडवरून मोसंबी घेतली. मनोरमाचे गुडघे धरलेत. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्यात. सासूबाईंचा फोन आला, गोळ्या कशाला, गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घे म्हणावं तिला. मी म्हटलं, आई, आपण एकविसाव्या शतकात आहोत. मनोरमा म्हणाली, तुमच्या डबीतला द्या थोडा, नाहीतरी रोज घरभर सांडता.

२७ जानेवारी, शुक्रवार

गढूळ. सगळ्या.

आज नळ्यांचा रॅक घाईत मीच ऑटोक्लेव्हला लावला होता. तापमान, दाब, सगळं नेहमीचं. दत्ताराम शेजारी उभा होता. दोनदा म्हणाला, "सर, मी लावतो ना." मी म्हटलं, मला येतं रे.

काही लिहावंसं वाटत नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

महिन्याभरात सात प्रयोग. चार बरे, तीन नासलेले, आणि एकदाही लागोपाठ तीन नाहीत. मॅडमचं म्हणणं, माझा जंतूच बिघडला असावा. याची हत्यारं एका सुट्या डीएनएच्या कड्यावर लिहिलेली असतात, ते कडं प्रयोगशाळेत वाढवता वाढवता कधी गळून जातं. मग तो कॅल्शियमशिवायही आनंदाने वाढतो. ज्याच्याकडे लढायला काही उरलं नाही तो भराभर वाढतो, हे वाचून मला आमची स्टाफरूम आठवली.

थोडक्यात, नवा जंतू आणा. म्हणजे नवं डुक्कर.

१२ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या बसने उत्तनला. कॉन्रॅडकडे दोन डुकरं कापली होती, भाचीचं लग्न. गेल्या ख्रिसमसलाही मी त्याच्याकडूनच घसे पुसून नेले होते. मला बघून ओरडला, "मास्तर आयला! बेट्टी, मास्तरला परत घसा पायजे!"

बेट्टी, त्याची बायको, विळीवरून उठलीच नाही. "लोकं मटण मागतान, यो घसा मागते. याचं डोकं ठिकाणावर हाय का न्हाय?"

"सायन्स हाय," कॉन्रॅड म्हणाला. "बरं झालं आयलास. आता चाळीस दिवसांचे उपास लागतील, मंग ईस्टरपरत डुक्कर न्हाय."

बसमध्ये मळायचं राहून गेलं होतं, म्हणून अंगणातच चिमूटभर मळली आणि कापसाची काडी काढायला पिशवीत हात घातला, तर बेट्टी कडाडली, "ए मास्तर, आधी हात धू! तंबाखूचा हात आमच्या डुकराला लावतंय. पावणे जेवणार हान त्यातला."

मी हसलो. म्हटलं, बेट्टीबाई, मेलेल्या डुकराला कसली आली तंबाखूची बाधा. पण तिने तांब्या पुढे केला तेव्हा निमूट धुतले. दोन घसे पुसून काड्या घेतल्या. त्यांनी जेवायला थांबवलं, मी भात आणि कोलंबी खाल्ली. परत येताना बसमध्ये झोप लागली ती थेट स्टेशनला जाग आली.

२७ फेब्रुवारी, सोमवार

उत्तनचा नवा जंतू दोन आठवडे फ्रिजमध्ये वाढवून वेगळा केला. याला थंडी मानवते. आज त्याच्यावर पहिला प्रयोग, आणि काय सुंदर आला! बिनकॅल्शियमच्या नळ्या तीन तासांनी जिथे थांबल्या तिथेच सहा तासांनी. मॅडम बरोबर होत्या. जुना जंतूच बाद झाला होता.

२ मार्च, गुरुवार

गढूळ.

आज दत्ताराम रजेवर. मेव्हणीकडे काही कार्य आहे म्हणे. त्याच्या रजेचा दिवस आणि माझा नासलेला दिवस एकच, हे दुसऱ्यांदा झालं. मी वही मागे उलटून पाहिली. कॅन भरून ठेवतो तो आदल्या दिवशी. म्हणजे रजेवर जायच्या घाईत त्याने काय भरलं असेल?

४ मार्च, शनिवार

नवा जंतू प्लेटवर तपासला. हत्यारं जागेवर असतील तर लाल रंगाच्या बारीक ठिपक्यांसारख्या वसाहती येतात. सगळ्या बारीक, सगळ्या लाल. जंतू शंभर टक्के शाबूत आहे. प्लेटच्या मीडियात, म्हणजे जंतूंच्या खाद्यात, ऑक्झलेट असतं, ते इकडचं तिकडचं कॅल्शियम गिळून टाकतं. नळ्यांमध्ये मी ते घालत नाही. म्हणजे नळ्यांमध्ये कॅल्शियम कुठून तरी येतंय. कुठून येणार? पाण्यातून.

कॉलेजला आठवड्यातून तीन दिवस टँकर येतो. बाकी बोअरिंगचं पाणी, बादलीला पांढरा थर धरतो असं. डिस्टिलेशनच्या यंत्राला तासभर तरी धार लागते. धार नसेल तर बिचारं यंत्र काय करणार, आणि कॅन रिकामा दिसला की सर ओरडणार. मग माणूस काय करतो? सरळ नळाचं पाणी भरतो. मला हे इतके दिवस कसं सुचलं नाही?

६ मार्च, सोमवार

दत्तारामला विचारलं, "कॅन कशाने भरतोस रे?"

"मशीनचं पानी सर."

"पाणी आलं नसेल तेव्हा?"

"तेवा भरत न्हाय. तुमाला सांगतो ना, आज न्हाय म्हनून."

"आणि कापूस? महिन्याला तीन गुंडाळ्या कशा संपतात? मी चाळीसच बोळे वळतो."

यावर तो मान खाली घालून काचसामान धुवायला लागला. वाती करायला घरी नेत असेल. कापसाचं मला काही नाही, पण एक गोष्ट लपवणारा माणूस दुसरीही लपवतो.

कॅनमधल्या पाण्यात ऑक्झलेटचे थेंब टाकून पाहिले. कॅल्शियम असेल तर पांढरं ढवळतं. ढवळलं नाही. पण आज मी तपासणार हे त्याला दिसतच होतं.

१० मार्च, शुक्रवार

प्रिन्सिपॉलना लेखी दिलं. "पाण्याच्या शुद्धतेबाबत अक्षम्य निष्काळजीपणा." अक्षम्य हा शब्द लिहिताना हात अडखळला, पण सौम्य लिहिलं की कोणी हलत नाही. दत्तारामला मेमो मिळाला आणि लॅबमधून काढून गेटवर बसवलं. मे अखेरीस तो निवृत्त व्हायचा आहे. मेमो वाचून त्याने सही केली, चाव्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "कापूस वरच्या कप्प्यात हाय."

घरी मनोरमाला सांगितलं. ती म्हणाली, "पाण्यात काही निघालं का?" मी म्हटलं नाही. "मग?" मी म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही. तिने ताट वाढलं आणि आत गेली.

१३ मार्च, सोमवार

आला! दत्तारामशिवाय पहिला प्रयोग आणि आरशासारखा स्वच्छ. मी म्हणत नव्हतो? मनोरमाला आवर्जून सांगितलं.

१६ मार्च, गुरुवार

गढूळ. काय बोलणार. कॅन जुनाच आहे, त्याच्या तळाशी राहिलं असेल. घासून काढला.

२० मार्च, सोमवार

कालपासून झोप नाही. सकाळी गॅलरीत बोळे वळायला बसलो आणि एकही बोळा धड वळेना. आईची माफी मागितली आणि एक चिमूट मळली. सोळा वर्षांत पहिला सोमवार. तिनेही समजून घेतलं असतं.

प्रयोग नासला. आईनेच शिक्षा केली म्हणायला मोकळा, पण मी मायक्रोबायॉलॉजी शिकवतो.

३१ मार्च, शुक्रवार

दत्ताराम गेल्यापासून पाच प्रयोग, एक बरा. तो होता तेव्हा निम्म्याहून जास्त बरे येत होते. हे गणित मला उलटं दिसतंय आणि सुलटं करायची ताकद नाही.

एक बरं आहे, कापसाची एकच गुंडाळी महिनाभर पुरली.

गेटवरून जाताना तो उभा राहून नमस्कार करतो. मी हल्ली मागच्या दाराने जातो.

१० एप्रिल, सोमवार

मॅडमकडे जाऊन आलो. सगळे आलेख टेबलावर मांडले. त्यांनी एकेक उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "पंढरीनाथ, आता शंका घेत बसायला वेळ नाही. सगळं बदलून टाका. माझ्या लॅबचं पाणी न्या, माझ्या मुलांनी ॲसिडने धुतलेल्या नळ्या न्या, मीडियाची पावडरही नवी न्या. एक प्रयोग करा. तरीही नासला तर…" पुढचं वाक्य सोडून त्यांनी मुलांना खोकं बांधायला सांगितलं. चांगल्या बाई आहेत.

पाण्याचे दोन कॅन आणि नळ्यांचं खोकं टॅक्सीत घालून आणलं. मनोरमा म्हणाली, लग्नात सुद्धा एवढं जपून काही आणलं नव्हतंत.

१८ एप्रिल, मंगळवार

दमून गेलोय. पायऱ्या चढताना दोनदा थांबलो. आज तो प्रयोग केला. पाणी मॅडमचं, नळ्या मॅडमच्या, पावडर नवी, जंतू शाबूत. सकाळी मन लावून बोळे वळले, नेहमीपेक्षा घट्ट. अकराला जंतू घातले. बाराला बऱ्या दिसत होत्या. दोनला थोड्या दुधाळ. चारला गढूळ. जमिनीवरच बसलो. पाण्याची शंका गेली, काचेची गेली, जंतूची गेली. आता खापर फोडायला कोणाचं डोकं उरलेलं नाही.

१९ एप्रिल, बुधवार

सकाळी मॅडमना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "तुमच्या लॅबमधलं काय वापरलंत?"

"काही नाही. सगळं तुमचं."

"सगळं?"

"फक्त कापूस माझा."

"मग कापूस तपासा."

नव्या गुंडाळीतला कापूस डिस्टिल्ड वॉटरमध्ये पिळला, ऑक्झलेट टाकलं. पाणी नितळ. कापूस निर्दोष. मग कालच्या रॅकमधून उरलेला एक बोळा काढला, तो पिळला, थेंब टाकले. दूध सांडावं तसं पांढरं झालं.

दुसरा बोळा. पांढरं. तिसरा, चौथा. बारावा होईपर्यंत मी थांबलो नाही. कापसात नाही, बोळ्यात आहे. आणि कापूस आणि बोळा यांच्यामध्ये फक्त मी आहे.

खिशातली डबी काढून टेबलावर ठेवली. एका बाजूला तंबाखू, एका बाजूला चुना. उजव्या अंगठ्याच्या नखाकडेला पांढरी रेघ होती. मळायचं, दाढेत धरायची, हात पुसल्यासारखा करायचा आणि त्याच अंगठ्याने बोळा दाबायचा. ऑटोक्लेव्हच्या वाफेने बोळा भिजतो, चुना पाझरून खाली नळीत उतरतो. पाच मिलिलिटर पाण्याला किती चुना पुरतो? गव्हाचा दाणासुद्धा लागत नाही. सासूबाईंना कळतं ते मला कळलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा कळसा तर सदऱ्याच्या खिशात होता, उत्तनला जाऊन आला, टॅक्सीने मॅडमकडे जाऊन आला.

सोमवारचं कोडं सुटलं. बाकीच्या बऱ्या दिवसांचं सुटत नाही. पंचवीस जानेवारी बुधवार होता. त्या दिवशी मी खाल्ली होती, नक्की खाल्ली होती. मग त्या दिवशी का आला?

कापसाच्या तीन गुंडाळ्या आठवल्या आणि त्यांच्या मागोमाग दत्ताराम.

२० एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी गोडदेवला गेलो. चारी बाजूंनी सात सात मजले उठलेत आणि मध्ये दत्तारामचं कौलारू घर. ते बाहेर खाटेवर बसले होते. मला बघून उठायला लागले, मी खांद्याला धरून बसवलं. त्यांच्या मंडळींनी, सुलूबाईंनी, पाणी आणून दिलं आणि दाराशीच थांबल्या. त्यांची नजर काही बरी नव्हती. का असावी?

मी सरळ विचारलं, "दत्ताराम, मी वळलेल्या बोळ्यांचं तुम्ही काय करायचात?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही म्हटलं गेलं. ते खाटेची सुटलेली दोरी आवळू लागले. सुलूबाई म्हणाल्या, "सांगा ना आता. आता कसली लाज?"

"तुमच्या बोळ्यांना बोटं उमटलेली असायची सर," ते म्हणाले. "पिवली. जरा पांढरी पन. पोरं बघतील, हसतील. म्हनून ऑटोक्लेव्हला लावायच्या आधी काढून टाकायचो आन् नवीन करून लावायचो."

"रोज?"

"रोज कुठलं. तुमी उभे असलात की न्हाय जमायचं. आन् मी रजेवर असलो की मंग कोन करनार?"

"आणि कापूस त्यात संपायचा."

"मंग कशात?"

मी त्यांना सगळं सांगितलं. चुना म्हणजे कॅल्शियम, आणि माझा सगळा प्रयोग कॅल्शियम नसण्यावर. सोमवार सोडले तर बरे आलेले दिवस त्यांच्या बोळ्यांचे, नासलेले माझ्या बोळ्यांचे. त्यांना तोवर यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त बोळे स्वच्छ हवे होते.

"मला एकदा तरी सांगायचंत," मी म्हटलं.

"काय सांगू? तुमी शिकवनारे. पोरांना हात धुवायला तुमी सांगता. मी शिपाई मानूस तुमाला सांगू, सर, हात धुवा? बावीस वर्सं जिभेवर होतं, बोलता आलं न्हाय."

"निदान मेमो दिला तेव्हा?"

"तेवा बोललो असतो तर सायेब म्हनले असते, आपली चूक झाकायला सरांवर ढकलतो."

खरंच म्हणाले असते. मीसुद्धा म्हणालो असतो. मला रडू आलं. सुलूबाई आत गेल्या आणि चहा टाकल्याचा आवाज आला. मी म्हटलं, दत्ताराम, उद्यापासून लॅबमध्ये या. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "लेखी काढलंय सर. लेखीच बोलवा."

२१ एप्रिल, शुक्रवार

पत्र दिलं. प्रिन्सिपॉलनी दोनदा वाचलं. "एवढं स्पष्ट कशाला? 'तांत्रिक कारणामुळे गैरसमज' असं लिहा. तुमचाच मान राहील."

मला मोह झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला. नऊ दिवसांत डॉक्टर होऊ बघणाऱ्या माणसाने स्वतःच्या अंगठ्यावर असं पत्र कशाला लिहावं? पण तांत्रिक कारण लिहिलं की दत्तारामच्या फाइलमध्ये निष्काळजीपणा तसाच राहतो, थोडा धूसर होऊन. मी पत्र तेच ठेवलं. "पाणी शुद्ध होते. दोष माझ्या हाताला लागलेल्या तंबाखूच्या चुन्याचा होता." मेमो रद्द झाल्याचं लेखी संध्याकाळी निघालं.

स्टाफरूममध्ये दुपारीच कळलं होतं. मी आत गेलो तेव्हा कोणीतरी विचारत होतं, चुना कोणी कोणाला लावला. हसले सगळे. मीही हसलो, दुसरं काय करणार. मॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आधीचे सगळे आकडे बाद करा. जे बरे आले तेही. कोणते बोळे कोणाचे, आपल्याला ठाऊक नाही. नऊ दिवस आहेत, तीन प्रयोग होतात."

डबी मनोरमाकडे दिली. तिने ती उघडून पाहिली, चुना वेगळा काढला आणि म्हणाली, "हा मी ठेवते, ताकाला." तंबाखू कचऱ्यात गेली. डोकं फुटेल असं दुखतंय.

२४ एप्रिल, सोमवार

सकाळी आठला गेलो तर लॅब उघडी. काचसामान ओळीने लावलेलं, कॅन भरलेला, वरच्या कप्प्यातला कापूस टेबलावर. मीडियाच्या खोलीच्या दारात दत्ताराम उभे. मी आत जायला निघालो तर त्यांनी हात आडवा धरला. त्यांचा चेहरा घामेजला होता.

"सर," ते म्हणाले, "आधी हात धुवून या."

माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, की आज सोमवार आहे, आणि तंबाखू सुटून तीन दिवस झालेत, हात स्वच्छच आहेत. गिळलं. बेसिनपाशी गेलो, साबण लावला, कोपरापर्यंत धुतले. ते मागे उभे राहून बघत होते. नखांकडे बोट दाखवलं, मी तीही घासली.

बोळे त्यांनी वळले. मी शेजारच्या स्टुलावर बसून बघितलं. माझ्यापेक्षा चांगले वळतात. इतकी वर्षं मी माझेच समजून ज्यांचं कौतुक करत होतो, त्यातले निम्मे त्यांचे होते.

सहा वाजता बिनकॅल्शियमच्या नळ्या नितळ.

२६ एप्रिल, बुधवार

दुसरा. नितळ. थकवा आहेच, पण डोकं दुखायचं थांबलंय.

२८ एप्रिल, शुक्रवार

तिसरा. तिन्ही आलेख एकावर एक ठेवले तर एकच रेघ दिसते. आधी वाढ मंदावते, डीएनए थोडा वेळ चालू राहतो, हातातलं काम पुरं करतो आणि मग थांबतो. तीन प्रयोगांवर फार मोठं बोलू नये, मॅडम म्हणतात. पण लिहिण्यापुरतं आहे. उद्या प्रबंध देतो.

चौथ्या प्रकरणाचं पहिलं पान छापून आणलं आणि दत्तारामपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही, पण आपलं नाव ओळखलं. त्यावरून बोट फिरवलं.

"काय लिवलंय?"

"या प्रयोगातले सगळे बोळे श्री. दत्ताराम भोईर यांनी केले."

"आन् तुमी हात धुतलेत, ते?"

"तेही लिहिलंय. पुढच्याच ओळीत."

"कोनी धुवायला लावले ते पन लिवा," दत्ताराम म्हणाले आणि रॅक उचलून ऑटोक्लेव्हकडे गेले.